विश्लेषण : अमेरिकेचा हिवाळी प्रवास विमानाने की रेल्वेने? बुलढाण्याहून निघताना कोणती गणिते ध्यानात ठेवावीत?

शिक्षण आणि नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मुलांकडे जाणारे आई-वडील आता बुलढाणा जिल्ह्यालाही नवे राहिलेले नाहीत. खामगाव, चिखली, मलकापूर, शेगाव, मेहकर अशा गावांतून ही मंडळी निघतात. मुलांना सुट्टी मिळते ती नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास, त्यामुळे अनेकांचा प्रवास नेमका कडाक्याच्या थंडीत येतो. मुंबईहून अमेरिकेला पोहोचण्याची माहिती सहज मिळते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. एक मूल न्यू जर्सीत आणि दुसरे कॅलिफोर्नियात असेल, तर बर्फाच्या दिवसांत हजारो किलोमीटरचा हा देश ओलांडायचा कसा? विमान आणि रेल्वे हे दोन पर्याय आहेत. दोन्ही हिवाळ्यात अडतात, मात्र वेगवेगळ्या पद्धतीने. तो फरक ठाऊक नसेल, तर वयस्कर प्रवाशांना त्याची किंमत मोजावी लागते.

हा प्रवास नेमका किती मोठा?

बुलढाणा जिल्ह्यात मुंबई-हावडा लोहमार्गावर मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही प्रमुख स्थानके आहेत. जलंबहून खामगावला छोटा फाटा जातो. जिल्ह्याच्या मुख्यालयाला, म्हणजे बुलढाणा शहराला, रेल्वेच नाही. तेथून मलकापूर स्थानक सुमारे ४५ किलोमीटर आहे. शेगाव ते मुंबई हे अंतर साधारण साडेपाचशे किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेससारख्या रात्रीच्या गाडीने ते निवांत पार पडते. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा भागातील प्रवाशांसाठी समृद्धी महामार्ग हा दुसरा पर्याय झाला आहे.

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायचे तर पंधरा-सोळा तास लागतात. पुढे न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर चार हजार किलोमीटरहून अधिक, म्हणजे आणखी साधारण सहा तासांचे उड्डाण. हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वारे अधिक जोरदार असतात. त्यामुळे पश्चिमेकडे जाताना जास्त आणि परतताना कमी वेळ लागतो.

हेच अंतर रेल्वेने कापायचे तर आधी न्यूयॉर्क ते शिकागो आणि तेथे गाडी बदलून शिकागो ते कॅलिफोर्निया, असा सुमारे साडेपाच हजार किलोमीटरचा आणि तीन रात्रींचा प्रवास होतो. त्यातील शिकागो ते एमरीव्हिल हा ‘कॅलिफोर्निया झेफर’ या गाडीचा मार्ग एकटाच ३,९२४ किलोमीटरचा आहे. मुंबई-हावडा हे अंतर १,९६८ किलोमीटर आहे. म्हणजे ही एक गाडी जवळपास त्याच्या दुप्पट धावते आणि वेळापत्रकानुसार सुमारे ५२ तास घेते.

या वाटेवर घड्याळ चार वेळा वेगळे असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास, शिकागो साडेअकरा तास, डेन्व्हर साडेबारा तास आणि कॅलिफोर्निया साडेतेरा तास मागे असते. शिकागोहून दुपारी दोनला गाडी सुटली असे कळवायला फोन केला, तर बुलढाण्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो.

पहिला अडसर कुठे येतो?

अमेरिकेतील पहिल्या विमानतळावर. पुढचे विमान कोणत्याही शहराचे असले, तरी इमिग्रेशन आणि कस्टम्सची तपासणी सहसा ज्या विमानतळावर प्रवासी प्रथम उतरतो तेथेच होते. मुंबईत थेट शेवटच्या शहरापर्यंत सामान नोंदवलेले असले, तरी साधारणपणे ते पट्ट्यावरून उचलून पुन्हा पुढच्या विमानासाठी द्यावे लागते. त्यानंतर सुरक्षा तपासणी नव्याने होते. अबुधाबीमार्गे जाणाऱ्या काही प्रवाशांची अमेरिकी तपासणी तेथेच उरकते. ही सोय मोजक्याच विमानतळांवर आहे.

सुट्ट्यांच्या गर्दीत या रांगांना दोन तासही लागू शकतात. म्हणून एकाच तिकिटावरील पुढचे विमान असले तरी मध्ये तीन-चार तास असावेत. पुढचे तिकीट स्वतंत्र काढलेले असेल, तर त्याच दिवशी पुढे जाण्याचा बेत धोक्याचा ठरतो. पहिले विमान उशिरा पोहोचले आणि दुसरे सुटले, तर स्वतंत्र तिकिटाची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही. त्या दिवशी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी विमान किंवा रेल्वे पकडणे हाच सुरक्षित मार्ग. तीच खबरदारी मुंबईतही हवी. जिल्ह्यातून निघणाऱ्याने विमानाच्या किमान एक दिवस आधी मुंबई गाठावी.

हिमवादळात विमाने कशी अडतात?

बर्फ पडला म्हणून विमान उडत नाही, असे नसते. अमेरिकेच्या उत्तर भागातील विमानतळ बर्फ हटवण्याच्या यंत्रणेने सज्ज असतात. अडचण पंखांवर साचणाऱ्या बर्फाची असते. पंखाच्या विशिष्ट आकारामुळे विमान हवेत उचलले जाते. त्यावर बर्फाचा पातळ खरखरीत थर जमला तरी हवेचा प्रवाह बिघडतो आणि उचल कमी होते. म्हणून उड्डाणापूर्वी पंखांवर ग्लायकॉलमिश्रित गरम द्राव फवारून बर्फ काढतात. बर्फ पडतच असेल, तर त्यावर दुसरा घट्ट द्राव मारतात, जेणेकरून नवा बर्फ धरू नये. या दुसऱ्या थराचा परिणाम मर्यादित वेळच टिकतो. तेवढ्यात धावपट्टी मोकळी मिळाली नाही, तर विमान पुन्हा फवारणीसाठी न्यावे लागते.

अशा प्रत्येक विमानामागे काही मिनिटे वाढत जातात आणि तासाला होणारी उड्डाणे कमी होतात. एकच विमान दिवसभरात चार-पाच फेऱ्या करते. सकाळची फेरी शिकागोत अडली, तर संध्याकाळी ऊन पडलेल्या टेक्सासमधले उड्डाणही रखडते. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. ती संपली की विमान तयार असूनही उडवायला माणूस नसतो. त्यामुळे वादळ एका शहरात आणि रद्द उड्डाणांची यादी देशभर, असे चित्र दिसते.

डिसेंबर २०२२ मध्ये काय घडले होते?

नाताळच्या तोंडावर ‘इलियट’ नावाने ओळखले गेलेले हिमवादळ अमेरिकेच्या मोठ्या भागावर पसरले. सगळ्याच विमान कंपन्यांना त्याचा फटका बसला. बहुतेक कंपन्या काही दिवसांत सावरल्या. साउथवेस्ट एअरलाइन्स मात्र कोलमडली. कोणता कर्मचारी कुठे अडकला आहे आणि कोणत्या विमानाला कोण द्यायचा, याचा मेळ घालणारी तिची यंत्रणा त्या भाराखाली टिकली नाही. या कंपनीची १६,९०० उड्डाणे रद्द झाली आणि २० लाखांहून अधिक प्रवासी अडकले. त्याबद्दल अमेरिकी वाहतूक विभागाने डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

या घटनेतून प्रवाशाने घ्यायचा धडा साधा आहे. विमानसेवा अडते तेव्हा अचानक आणि एकाच वेळी लाखो लोकांसाठी अडते. सुट्ट्यांमध्ये पुढची विमाने आधीच भरलेली असतात. रद्द झालेल्या विमानाचा प्रवासी दुसऱ्या दिवशी जाईलच याची खात्री नसते. तीन-चार दिवसही जाऊ शकतात.

अशा वेळी प्रवाशाचे हक्क कोणते?

विमान रद्द झाले आणि प्रवाशाने दिलेला पर्याय नाकारला, तर तिकिटाचे पैसे परत मिळतात. २०२४ च्या नियमांनुसार देशांतर्गत विमानाला तीन तास किंवा आंतरराष्ट्रीय विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल आणि प्रवासी त्याने गेला नाही, तरीही परतावा देय असतो. प्रवासी विमानात बसलेले असताना विमान जमिनीवरच उभे राहिले, तर देशांतर्गत उड्डाणात तीन आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणात चार तासांच्या आत उतरण्याची संधी द्यावी लागते. सुरक्षेच्या कारणांचा त्याला अपवाद आहे.

मात्र हॉटेल आणि जेवणाचे काय? कंपनीच्या चुकीमुळे खोळंबा झाला असेल, तर मोठ्या कंपन्या ही सोय करतात. खोळंब्याचे कारण हवामान असेल, तर त्यांच्यावर तसे बंधन नसते. अमेरिकेतील हॉटेल आणि वैद्यकीय उपचार दोन्ही महाग आहेत. म्हणूनच प्रवास विमा काढताना त्यात हवामानामुळे होणारा मुक्काम आणि आधीपासूनचे आजार धरले आहेत का, हे वाचून घेणे गरजेचे ठरते.

अमेरिकेत रेल्वे कशी चालते?

शेगाव किंवा मलकापूरच्या फलाटावर एक गाडी चुकली तर काही तासांत दुसरी मिळते, ही सवय घेऊन अमेरिकी रेल्वेकडे पाहिले की गोंधळ होतो. अमेरिकेचे रेल्वेजाळे जगात सर्वात मोठे, सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचे आहे. भारताचे ६८ हजार किलोमीटरच्या पुढे आहे. पण अमेरिकेचे जाळे मुख्यतः मालगाड्यांसाठी आहे आणि रूळ खासगी मालवाहू कंपन्यांच्या मालकीचे आहेत.

विमाने आणि महामार्गांमुळे प्रवासी गाड्या तोट्यात गेल्या, तेव्हा खासगी कंपन्यांनी त्यातून अंग काढून घेतले. १ मे १९७१ पासून ‘अ‍ॅमट्रॅक’ ही सरकारी पाठबळावरची कंपनी शहरांना जोडणाऱ्या गाड्या चालवू लागली. वॉशिंग्टन-न्यूयॉर्क-बॉस्टन पट्ट्यातील बहुतांश रूळ तिचे स्वतःचे आहेत. तिच्या गाड्यांची सुमारे ७० टक्के धाव मात्र दुसऱ्यांच्या रुळांवर होते. प्रवासी गाडीला आधी वाट द्यावी, असा कायदा १९७३ पासून आहे. पण मालगाड्या इतक्या लांब झाल्या आहेत की अनेकदा त्या बाजूच्या मार्गिकेत मावत नाहीत. मग प्रवासी गाडीलाच थांबावे लागते. २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने नॉरफोक सदर्न या मालवाहू कंपनीविरुद्ध याच कारणावरून न्यायालयात दावा दाखल केला होता.

लांब पल्ल्याच्या बहुतेक मार्गांवर दिवसाला एकच गाडी असते, तर काही मार्गांवर आठवड्यातून तीनच. अ‍ॅमट्रॅकने २०२४ च्या आर्थिक वर्षात ३ कोटी २८ लाख प्रवासी नेले, हा तोवरचा तिचा विक्रम होता. उपनगरी प्रवासी धरले तर भारतीय रेल्वे तेवढे प्रवासी जेमतेम दोन दिवसांत वाहून नेते.

बर्फात रेल्वे अडत नाही का?

अडते. कडक थंडीत पोलाद आकसते आणि रूळ तडकतात. सांधे बदलण्याच्या जागी बर्फ भरला की गाडीला मार्ग बदलता येत नाही. शिकागोत अशा जागा तापवण्यासाठी रुळांलगत गॅसच्या ज्वाळा पेटत्या ठेवतात. थंडीत लांब मालगाड्यांच्या ब्रेकमधील हवेचा दाब टिकवणे अवघड होते. एक मालगाडी अडली की मागची प्रवासी गाडीही अडते. ३० जानेवारी २०१९ रोजी शिकागोत पारा उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, तेव्हा अ‍ॅमट्रॅकने शिकागोला येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व गाड्या रद्द केल्या होत्या. ज्या जिल्ह्यात पारा दहा अंशांवर आला की चौकाचौकांत शेकोट्या पेटतात, तेथून आलेल्याला या आकड्याची कल्पना येणे कठीण.

वाटेत अडकलेल्या गाड्यांचा इतिहासही आहे. जानेवारी १९५२ मध्ये ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही गाडी सिएरा नेवाडा पर्वतात बर्फात रुतली. सव्वादोनशे माणसे तीन दिवस गाडीत अडकली. इंधन संपल्यावर डब्यांतील उष्णताही गेली. अखेर जवळच्या महामार्गावरचा बर्फ हटवून त्यांची सुटका झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ओरेगॉन राज्यात ‘कोस्ट स्टारलाइट’ ही गाडी कोसळलेल्या झाडामुळे आणि बर्फामुळे सुमारे ३६ तास उभी राहिली. तीत १८३ प्रवासी होते. मात्र या वेळी गाडीत वीज, ऊब आणि अन्न शिल्लक होते. जवळच्या गावातही वीज नसल्याने प्रवाशांना गाडीतच ठेवणे अधिक सुरक्षित ठरले.

विमान आणि रेल्वे यांच्यातील फरक येथे कळतो. रेल्वेला उशीर सहज होतो, तोही सहा-आठ तासांचा. पण प्रवाशाकडे त्याची जागा, त्याचे सामान आणि डोक्यावर छप्पर राहते. विमान रद्द झाले, तर प्रवासी विमानतळावरील खुर्चीवर येतो. त्याच वेळी हेही खरे की रेल्वेची फेरीच रद्द झाली, तर पुढची गाडी थेट दुसऱ्या दिवशी असते.

हिवाळ्यासाठी कोणता मार्ग बरा?

शिकागोहून पश्चिमेला जाणारे तीन मोठे मार्ग आहेत. सर्वात उत्तरेचा ‘एम्पायर बिल्डर’ सिएटल आणि पोर्टलंडला जातो. तो नॉर्थ डकोटा आणि मोंटाना या राज्यांतील गोठलेल्या मैदानांतून जातो, त्यामुळे हिवाळ्यात त्याला व्यत्यय येण्याची शक्यता अधिक. मधला ‘कॅलिफोर्निया झेफर’ डेन्व्हरनंतर रॉकी पर्वत चढतो, १९२८ मध्ये खुल्या झालेल्या दहा किलोमीटर लांबीच्या मोफॅट बोगद्यातून जातो आणि शेवटी सिएरा नेवाडा ओलांडतो. देखाव्याच्या दृष्टीने हा सर्वात श्रीमंत मार्ग. १९५२ ची घटना याच पर्वतात घडली होती. आज बर्फ हटवणारी यंत्रे सज्ज असली, तरी मोठ्या वादळात घाट बंद होतो.

तिसरा ‘साउथवेस्ट चीफ’ शिकागोहून कॅन्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनामार्गे लॉस एंजेलिसला जातो. अंतर सुमारे ३,६४५ किलोमीटर, वेळ साधारण ४३ तास. हिवाळी प्रवासाला त्यातल्या त्यात हा सौम्य म्हणता येईल. तरीही रॅटन खिंडीत तो सुमारे २,३०० मीटर उंचीवर जातो आणि ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथे भरपूर बर्फ पडतो. ॲरिझोना म्हणजे वाळवंट आणि ऊन, ही समजूत तेथे उतरल्यावर लगेच दूर होते.

दिवस कमी असतील, तर दोन्ही साधने जोडता येतात. पूर्वेकडून शिकागो किंवा डेन्व्हरपर्यंत विमानाने जावे आणि देखण्या टप्प्यासाठी रेल्वे घ्यावी. मात्र विमानातून उतरून त्याच दिवशीची रेल्वे किंवा रेल्वेतून उतरून त्याच दिवशीचे विमान, असा बेत हिवाळ्यात आखू नये. एकाच अ‍ॅमट्रॅक आरक्षणातील पुढची गाडी चुकली, तर ती कंपनी पर्यायी सोय पाहते. विमानाला ही हमी लागू नाही.

लोणारचा या मार्गाशी काय संबंध?

‘साउथवेस्ट चीफ’ ॲरिझोनात विन्स्लो आणि फ्लॅगस्टाफ या दोन गावांना थांबतो. या दोन गावांच्या मध्ये ‘मीटिऑर क्रेटर’ हे उल्कापातातून तयार झालेले विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, खोली सुमारे १७० मीटर आणि वय अंदाजे ५० हजार वर्षे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर त्याहून मोठे, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, आणि वयाने कितीतरी जुने आहे. लोणार ज्वालामुखीतून झाले की उल्कापातातून, हा वाद बराच काळ चालला. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने उल्कापाताचा निष्कर्ष पक्का केला. बेसॉल्ट खडकातील विवर म्हणून लोणारची तुलना चंद्र आणि मंगळावरील विवरांशी होते. ॲरिझोनातील विवरात अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांनी सराव केला होता.

ॲरिझोनाचे विवर खासगी मालकीचे आहे. तिकीट काढून काठावर जाता येते, माहिती केंद्र आहे. तेथे ना तळे ना मंदिरे, कोरडा खळगा दिसतो. लोणारला खारे तळे, काठावरची प्राचीन मंदिरे आणि अभयारण्य आहे. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. रेल्वे मात्र दोन्हीकडे विवरापर्यंत पोहोचत नाही. फ्लॅगस्टाफहून पुढे साठ किलोमीटर मोटारीनेच जावे लागते. बर्फाच्या दिवशी रस्त्याची स्थिती पाहूनच निघावे.

डब्यात सोयी कोणत्या? जवळ काय ठेवावे?

साध्या डब्यात झोपण्याचा बर्थ नसतो. रुंद, मागे कलणारी खुर्ची असते. झोपून जायचे तर ‘रूमेट’ नावाची दोघांची छोटी खोली घ्यावी लागते. तिचे भाडे बरेच जास्त असते, पण त्यात जेवण धरलेले असते. भाडे मागणीनुसार वाढते, म्हणून आरक्षण लवकर करणे फायद्याचे. प्रतीक्षा यादीवर चढून टीसीला गाठण्याची पद्धत तेथे नाही. खुर्चीच्या प्रवाशाला गाडीतील उपाहारगृहावर भागवावे लागते. फलाटावर चहा, वडा, केळी घेऊन कोणी येत नाही. शाकाहारी पदार्थ मोजके असतात. दशम्या, चटणी, चिवडा, खाकरा असे टिकाऊ खाणे बरोबर असलेले बरे. भारतातून नेताना मात्र कस्टम्सचे नियम पाळून, सामानातील खाद्यपदार्थ जाहीर करून न्यावेत.

सामानाच्या बाबतीत रेल्वे उदार आहे. प्रत्येकी सुमारे २३ किलोच्या दोन बॅगा बरोबर आणि तेवढ्याच दोन सामानाच्या डब्यात विनाशुल्क नेता येतात. पण सामान नोंदवण्याची सोय प्रत्येक स्थानकात नाही. अनेक छोट्या स्थानकांत रात्री कर्मचारीही नसतो. अशा ठिकाणी उतरायचे असेल, तर घ्यायला येणारा माणूस आधी ठरलेला हवा.

औषधे, चिठ्ठी, चष्मा, गरम कपडे आणि फोनचा चार्जर हे हातातल्या पिशवीत असावे, नोंदवलेल्या सामानात नव्हे. पासपोर्ट आणि आय-९४ ची प्रत जवळ ठेवावी. कॅनडाच्या सीमेजवळून जाणाऱ्या गाड्यांत सीमा सुरक्षेचे अधिकारी कागदपत्रे विचारू शकतात. एकाच जाड कोटापेक्षा कपड्यांचे दोन-तीन थर उपयोगी पडतात, कारण डबा उबदार आणि फलाट गोठलेला असतो.

मराठी माणसाने हा देश रेल्वेने कधी पाहिला?

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी. डॉ. आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवीधर झाल्या. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून, लहानग्या मनोरमेला घेऊन आल्या. नंतर जवळपास तीन वर्षे त्या अमेरिकेत राहिल्या. बालविधवांच्या शिक्षणासाठी मदत उभी करताना त्यांनी पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत रेल्वेने प्रवास केला आणि सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने जपानमार्गे परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. त्याच वर्षी त्यांचे अमेरिकेवरील मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. दोन्ही किनारे रुळांनी १० मे १८६९ रोजीच जोडले गेले होते. म्हणजे हा मार्ग होऊन तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. विमान नसलेल्या काळात लांबच्या माणसांपर्यंत पोहोचण्याचे ते एकमेव वेगवान साधन होते.

तोट्यातल्या या गाड्या अजून का चालतात?

कारण त्यांचे खरे प्रवासी फक्त देखावा पाहणारे नसतात. मोंटानातील हावर, माल्टा, ग्लासगो अशा गावांना मोठा विमानतळ दूर पडतो आणि हिमवादळात महामार्ग बंद होतात. रुग्णालय, महाविद्यालय, नातेवाईक गाठण्यासाठी दिवसाची ती एक गाडीच आधार असते. करोनाकाळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, अ‍ॅमट्रॅकने बहुतेक लांब पल्ल्याच्या दैनंदिन गाड्या आठवड्यातून तीनवर आणल्या. छोट्या गावांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी ओरड केली, संसदेने पैसा दिला आणि २०२१ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या गाड्या पुन्हा रोज धावू लागल्या.

बुलढाणा जिल्ह्याला हा युक्तिवाद परका नाही. तेरा तालुक्यांपैकी रेल्वे आहे ती प्रामुख्याने उत्तरेकडील पट्ट्यात. चिखली, देऊळगावराजा भागातून जाणाऱ्या खामगाव-जालना मार्गाची मागणी शतकभर जुनी आहे. सर्वेक्षणे झाली, राज्याने खर्चाचा निम्मा वाटा उचलण्याची तयारी दाखवली, तरी या मार्गावर गाडी धावलेली नाही. रेल्वेची उपयुक्तता केवळ तिकिटाच्या उत्पन्नावर मोजायची की दुसरा मार्ग नसलेल्या माणसांच्या सोयीवरही, हा प्रश्न मोंटाना आणि बुलढाणा दोन्हीकडे सारखाच आहे.

मग विमान की रेल्वे?

ठरलेल्या दिवशी पोहोचणे भाग असेल, जसे की लग्न, प्रसूती किंवा परतीचे आंतरराष्ट्रीय विमान, तर विमान घ्यावे. मात्र सकाळचे पहिले उड्डाण निवडावे, कारण तोवर आदल्या फेऱ्यांचा उशीर साचलेला नसतो. शक्य तर मध्ये विमान न बदलता जाणारे तिकीट काढावे आणि दोन दिवस हाताशी ठेवावेत. पुढच्या तारखेचे बंधन नसेल, प्रकृती साथ देत असेल आणि देश पाहायचा असेल, तर रेल्वे हा समाधान देणारा पर्याय आहे. तीन रात्री खुर्चीत बसून जाणे गुडघेदुखी किंवा हृदयविकार असलेल्यांना झेपणारे नाही. त्यांनी खोली परवडत असेल तरच किंवा एका रात्रीच्या टप्प्यापुरताच रेल्वेचा विचार करावा.

दोन्ही बाबतींत तिकिटाइतकेच महत्त्वाचे आहेत ते मोकळे ठेवलेले दिवस. तीन आठवड्यांच्या मुक्कामात देश ओलांडायचा असेल, तर जाता-येता मिळून किमान चार दिवस वादळाच्या नावाने बाजूला काढावेत. वादळ आले नाही, तर ते नातवंडांबरोबर जातील. आले, तर पुढचे विमान चुकणार नाही.